भिंगरीला आउट कोण देणार?

दुकान, शुक्रवार सकाळ
(शटर अर्धंच वर आहे. गिऱ्हाईक यायच्या आत लिहून संपवायचं आहे.)

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच झाला, उरलेला मनात केला आहे.) आपली प्रकृती उत्तम असेल, अक्काचे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि आपल्या चष्म्याचा नंबर आहे तिथेच असेल, अशी आशा करतो. चष्म्याची चौकशी मुद्दाम केली असं कृपया समजू नये. चौदा वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे कुठून तरी सुरुवात करावीच लागते. या चौदा वर्षांत तुमच्या डोळ्यांबद्दल मी अक्काकडे जे जे निरोप दिले ते तिनं पोचवले असतील, तर ते मी मागे घेतो. पोचवले नसतील तर ते काय होते हे तिला विचारू नये.

पत्रास विशेष कारण असं काही नाही. सहज आठवण झाली म्हणून लिहितोय. (ही म्हणते, सहज आठवण झालेला माणूस तीन कागद फाडत नाही. तिच्याकडे लक्ष देऊ नये.) इकडची हकीकत अशी की मी सध्या बेसबॉल खेळतो. हसून घ्या. त्रेसष्टाव्या वर्षी, एक डोळा सुईच्या नाकावर ठेवून दुसऱ्यानं गिऱ्हाइकाकडे बघणारा मी शिंपी, दर रविवारी सकाळी आठला टोपी घालून शाळेमागच्या मैदानावर हजर असतो. त्या खेळाशी माझा आधीचा संबंध तुम्हाला ठाऊकच आहे. चौदा वर्षांपूर्वीची कुटुंबाची सहल, बेस म्हणून ठेवलेल्या चपला, शेवटचा डाव, आणि होमवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, मी पोचलेलो असताना अंपायरनं, म्हणजे आपण, मला दिलेला आउट. होमवर बॉल झेलणारी कॅचर अंपायरची सख्खी बायको होती, एवढंच नमूद करतो. माझी पॅन्ट फाटली त्याबद्दल इथे बोलत नाही.

तर बेसबॉलचं कारण भिंगरी. तुम्ही तिला फोटोतच पाहिलंय. माझ्या लेकीची लेक, आता दहा वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू ताठ आहेत, गुडघे आत वळतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, आणि चालते ती पुढे चाकं लावलेली चौकट धरून. ही पोर कधी चालेल का, याची डॉक्टर मंडळी एकमेकांत चर्चा करत होती तेव्हा हिनं (डॉक्टरांचं निमूट ऐकून घेणं हिच्या स्वभावात नाही) पाळण्यातल्या पोरीला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. कागदोपत्री दुसरं नाव आहे, पण ते फक्त दवाखान्यात हाक मारायला वापरतात. तिथे या मुलांकडून व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. आवाज असा की शिवणयंत्र चालू असतानाही ऐकू यावा. त्यांच्या डोक्यात आलं की मुलं भिंतीकडे बघून पाय उचलायला कंटाळतात, मैदानावर आनंदानं उचलतील. त्यांनी अकरा मुलं गोळा केली. कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाला दिसत नाही, कुणाला बोलणं उशिरा समजतं, कुणाला गर्दी सोसत नाही. प्रत्येक मुलामागे आमच्या गल्लीतला एक मोठा माणूस जोडीदार म्हणून दिला. सलूनवाला, बेकरीवाला, पोस्टाच्या बाई, औषधवाले, झाडून सगळे आले. जोडीदारानं खुर्ची ढकलायची, बॅट धरायला मदत करायची, बुटाची नाडी बांधायची आणि सल्ला द्यायचा नाही. यातलं शेवटचं कलम आमच्या गल्लीला फार जड गेलं.

मैदान आखायचं काम माझ्याकडे आलं. खडू माझ्याकडे, फीत माझ्याकडे, सरळ रेघ मारायचा चाळीस वर्षांचा सराव माझ्याकडे, मग दुसरा कोण आखणार? बाईंनी एक कागद दिला. त्यावर चौकोन, चार कोपऱ्यांना चार बेस, आणि प्रत्येक बाजूवर आकडा घातलेला, साठ. आता दाजी, तुमची नोकरी वजनमापं तपासण्यात गेली, त्यामुळे साठ म्हटलं की साठ काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. शिंप्याला पडत नाही. शिंप्याची फीत साठ इंचांना संपते. आमच्या धंद्यात साठ म्हणजे पूर्ण फीत, त्यापुढे माप नाही आणि त्यापुढे गिऱ्हाईकही नाही (एक होतं, ते दुसऱ्या शिंप्याकडे गेलं). मी फीत टाकली, रेघ मारली, फीत फिरवली, रेघ मारली, दहा मिनिटांत मैदान तयार. शिवाय चारी बाजूंनी अर्धा इंच मार्जिन सोडलं, पुढेमागे उसवायची वेळ आली तर असावं म्हणून.

रविवारी सगळे जमले आणि त्या मैदानाकडे बघत राहिले. आमचा मोठा पलंगसुद्धा त्यात मावला नसता. दोन खुर्च्या, तीन मुलं आणि त्यांचे जोडीदार आत शिरल्यावर बॉलला जागाच राहिली नाही. एक मुलगा मधोमध उभा राहिला, हात लांब करून बॅटनं चारही बेसना टिचक्या मारल्या आणि आपण जिंकलो असं जाहीर करून घरी निघाला. साठ म्हणजे साठ फूट, हे बाईंनी मला त्यांच्या त्या आवाजात समजावलं. सलूनवाला कुठून तरी मोठी फीत आणतो म्हणाला, पण मी ऐकलं नाही. ज्या फितीनं चूक केली तिनंच ती निस्तरायची. एका बाजूला बारा फिती, चार बाजूंना अठ्ठेचाळीस, आणि दर फितीला एकदा वाकायचं. मधे येणारा जाणारा काय चाललंय विचारी, मी सांगे, आणि आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून वाके. कंबर धरली आहे ती तेव्हापासून. पण मैदान मात्र साठ फुटी झालं, हवं तर मापून बघा.

नंतर टीमचे शर्ट शिवले. तिथेही माती खाल्ली. खुर्चीत बसणाऱ्या दोघांना जोडीदारांकरवी धरून उभं केलं, छाती, खांदा, उंची सगळी मापं घेतली, आणि झोकात शिवलेले शर्ट बसल्यावर पुढून असे गोळा झाले की मुलांच्या हनुवट्या दिसेनात. भिंगरी म्हणाली, आजोबा, ते बसून खेळणार, मग माप उभ्यानं का घेतलंत? चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. दोन्ही शर्ट उसवले, पुढून आखूड केले, पाठीला लांबी दिली. आता त्या दोघांच्या अंगावर बसलेत तसे शर्ट उभं राहणाऱ्यांपैकी एकालाही बसलेले नाहीत.

खेळाचे नियम बाईंनी असे ठेवले होते की बॉल बॅटला लागेपर्यंत मारायचं, सगळ्यांनी धावायचं, कुणी आउट नाही आणि दोन्ही बाजूंचे गुण सारखे. सुरुवातीला हे फार छान चाललं. आमच्यात एक दांडगा मुलगा आहे, त्याला पहिला बेस इतका आवडतो की तो तिथून हलत नाही. एकदा तर बेस काखोटीला मारून घरी घेऊन गेला, आता त्याच्यासाठी एक जादा बेस शिवून ठेवलाय. एका मुलीला टाळ्यांचा आवाज सहन होत नाही, कान दाबून खाली बसते. म्हणून टाळ्या बंद केल्या आणि मी उरल्यासुरल्या कापडाचे रुमाल करून वाटले. कुणी होमवर पोचलं की बघायला जमलेली दीडशे माणसं तोंडातून चकार शब्द न काढता रुमाल हलवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि पुसायला रुमाल नव्हता कारण तो मी हलवत होतो.

आता मूळ भानगड. तिसऱ्या आठवड्यात भिंगरीनं बॉल मारला, सरळ आणि जोरदार. चौकट धरून निघाली. बॉल समोरच्या मुलानं अडवला आणि पहिल्या बेसवरच्या मुलीच्या हातात दिला, तेव्हा भिंगरी अजून निम्म्या वाटेवर होती. बॉल बेसवर आधी पोचला तर पळणारा आउट, एवढं आता मलाही कळतं. (सहलीत कळत नव्हतं असं नाही.) अंपायर होते औषधवाले. ती बेसला पोचेपर्यंत ते हसतमुखानं थांबले, मग दोन्ही हात पसरून सेफ म्हणाले, आणि दीडशे रुमाल उठले. पोरीनं चौकट वळवली. गर्रकन नाही वळत ती, तीन टप्प्यांत वळते. औषधवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बॉल आधी आला होता. मी पाहिला." ते म्हणाले, राहू दे गं बाळ. ती तशीच बघत राहिली. मग माझ्याकडे वळली (पुन्हा तीन टप्पे) आणि विचारलं, आजोबा, तुम्ही पण पाहिलात ना? मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

दाजी, माझं लक्ष होतं. पोरीला ते कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुकानात येऊन माझ्याकडे पाठ करून बसायची आणि बटणं रंगानुसार लावायची. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की सेफ असले तरी सेफ आणि नसले तरी सेफ, मग मी पळते कशाला?  शिंप्याचं बघा, गिऱ्हाइकाला शर्ट घट्ट होतोय हे त्याला तोंडावर सांगितल्याशिवाय शर्ट नीट होत नाही. मी चाळीस वर्षं अख्ख्या गावाला पोट सुटलंय म्हणून सांगत आलो आणि स्वतःच्या नातीला खरं सांगताना तोंडाला कुलूप लागलं. मला माझी लाज वाटली.

त्या दिवसापासून सराव सुरू झाला. दुकानाच्या पायरीपासून सलूनच्या दारापर्यंत मी बारा फिती मोजून दोन रेघा मारल्या. ती शाळेतून आली की त्या दोन रेघांमध्ये जाते येते, जाते येते, आणि वेळ मी यंत्रावर मोजतो. पहिल्या दिवशी ती सलूनच्या दाराला टेकेपर्यंत माझ्या पॅन्टची एक बाजू वरपासून खालपर्यंत शिवून होई. महिन्याभरानं गुडघ्यापर्यंतच होऊ लागली. आता ती बाहीवर आली आहे, हाफ शर्टच्या नव्हे, फुल शर्टच्या, पण बाहीच. रोज हाताला फोड येतात, रोज घाम गाळते, आणि थांब म्हटलं तर यंत्राकडे बोट दाखवून म्हणते, तुम्ही शिवा. तिच्यापायी माझी रखडलेली कामंसुद्धा वेळेवर जायला लागली.

मग तिनं बाईंना सभा घ्यायला लावली. सभेत नुसता गोंधळ. निम्मे म्हणाले मुलांना आउट देणं क्रूरपणा आहे, निम्मे म्हणाले न देणं क्रूरपणा आहे, आणि बेकरीवाला दोन्ही वेळा हो म्हणाला. एका आईनं सांगितलं, माझ्या मुलाला आठवडाभर सगळीकडे नाहीच ऐकावं लागतं, रविवारी तरी नको. तिचं बरोबर होतं. तेव्हा भिंगरी म्हणाली, मग ज्याला हवंय त्यालाच द्या. विषय संपला. मी लाल पट्ट्या कापल्या. ज्याच्या बाहीवर लाल पट्टी त्याला खरं काय ते सांगायचं, ज्याच्या बाहीवर नाही त्याचा खेळ पहिल्यासारखाच. पहिली पट्टी भिंगरीची, आणि मागोमाग आणखी तिघांनी मागितल्या. बेस पळवणाऱ्या दांडगोबानंही मागितली, पण ती रंग आवडला म्हणून, असं त्याच्या आईनं खुलासेवार कळवलं.

पट्ट्या झाल्या, पण आउट देणार कोण? औषधवाल्यांना आणखी एक संधी दिली, त्यांचे हात आपोआप पसरतात. सलूनवाला मोठ्या तोऱ्यात उभा राहिला, भिंगरी आउट झाली, आणि आउट म्हणायच्या आत हाच रडला. मुकाट्यानं तिनंच त्याला पाणी दिलं. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, मला रोज यांच्याच दारात जायचंय हो. शेवटी मी उभा राहिलो. मनाचा हिय्या केला. बॉल आधी आला, चांगला दिसला, आउट द्यायला मी मूठ वर उचलली, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "ऊन लागतंय का गं?" तेव्हापासून मला मैदान आखण्यापलीकडे काही काम नाही. अख्ख्या गल्लीत एक माणूस नाही, जो त्या पोरीच्या तोंडाकडे बघून खरं बोलेल.

एवढ्यात दवाखान्याची तारीख आली. येत्या नव्हे, त्यापुढच्या बुधवारी तिच्या दोन्ही पायांचं ऑपरेशन आहे. टाचा टेकाव्यात म्हणून शिरा मोकळ्या करणार आहेत. नंतर सहा महिने प्लास्टर, पट्टे आणि पुन्हा पहिल्यापासून उभं राहायला शिकायचं. बाई म्हणतात फायदा होईल. भिंगरी ऑपरेशनला घाबरत नाही (मी आणि ही पुरेसे घाबरतो). ती म्हणते, त्याआधीच्या रविवारी मला एकदा खरं खेळायचंय. सेफ झाले तर झाले, आउट झाले तर झाले, पण मला माहीत पाहिजे. सहा महिने पलंगावर पडून नुसते रुमाल आठवत बसणार नाही. आणि मी ठरवलंय दाजी, काहीही करावं लागलं, अगदी पत्र लिहावं लागलं, तरी हे घडवून आणायचं.

असो. पत्र उगाच लांबलं. गिऱ्हाईक दारात ताटकळलंय आणि त्याची पॅन्ट मी अजून कापलेली नाही. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ होता तेवढा तरी ठेवावा.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. ऑपरेशनआधीच्या त्या रविवारी सकाळी आठला अंपायर लागतो. जो सख्ख्या मेहुण्याला, सगळ्या घरादारासमोर, पॅन्ट फाटलेल्या अवस्थेत, पापणी न हलवता आउट देऊ शकतो, असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत यावं. खाट घालून ठेवली आहे, उशी तुम्हाला लागते तशी कडक आहे. अंपायरनं छातीवर बांधायचं कवच मी नवीन शिवलंय, तुमचं माप आठवणीतून घेतलं, पोट अंदाजानं धरलं.

ता. क. दुसरा. येताना तो करडा कोट आणावा. त्या सहलीनंतरच्या महिन्यात मी तुम्हाला शिवून दिला होता तो. त्याची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड आहे. तुमचा खांदा उतरता आहे असं मी अक्काला सांगितलं होतं. तुमचा खांदा उत्तम आहे. मी बाही सोडून देतो, आत मार्जिन तेव्हाच ठेवलं होतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला खळ शोधत होतो, तेवढ्यात भिंगरीनं पत्र पहिल्यापासून वाचून काढलं. सगळं वाचून तिनं एकच विचारलं, त्या सहलीत तुम्ही खरंच सेफ होतात का, आजोबा? मी म्हटलं, चौदा वर्षं झाली, आता कुणाला आठवतंय. ती औषधवाल्यांकडे बघितलं होतं तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली. अजून उभीच आहे. तेव्हा तिच्यासमोर लिहितो. अक्कानं बॉल माझ्या खांद्याला टेकवला तेव्हा होम माझ्यापासून चांगलं एक फीतभर लांब होतं. मी आउट होतो, दाजी. रविवारी या.